सण एका दिवसाचा, धडा पंधरवड्याचा

जानेवारीचा दुसरा आठवडा उजाडला की उल्हासनगरच्या कॅम्पांपासून बदलापूर पूर्वेच्या नव्या वसाहतींपर्यंत बहुतेक बालवाड्यांत एकच कार्यक्रम ठरलेला असतो. मुलांनी काळे कपडे घालून यायचे, दोघा-चौघांना हलव्याचे दागिने चढवायचे, फळ्यावर थर्माकोलचा पतंग डकवायचा, सगळ्यांना गोल बसवून बोरन्हाण घालायचे, हातात तिळाच्या लाडवाची पुडी द्यायची आणि दुपारपर्यंत पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो टाकायचे. यात वाईट काही नाही. मुले हसतात, आया कौतुकाने पाहतात, बाईंचाही दिवस बरा जातो. पण शिकवणे म्हणून या दिवसाकडे पाहिले तर हातात फारसे काही लागत नाही. तीळ कुठून आला, तो थंडीतच का खायचा, बोरे याच दिवसांत का येतात, काळा रंग एरवी अशुभ म्हणून बाजूला ठेवणारी आजी आज तोच का घालते, यातले काहीही मुलाच्या अनुभवात उतरलेले नसते. आषाढीची दिंडी, नागपंचमीचा कागदी नाग, गोकुळाष्टमीचा भाड्याच्या मुकुटातला कृष्ण आणि डिसेंबरातला कापसाच्या दाढीचा सांताक्लॉज यांचीही हीच गत. ऋतूशी बांधलेला सण बालवाडीत शिकवायचा असेल तर तो सणाच्या दिवशी शिकवून भागत नाही, त्याआधीचा पंधरवडा त्यासाठी द्यावा लागतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांत, जिथे एकाच वर्गात चार घरचे चार रिवाज बसलेले असतात, तिथे तर याला दुसरा धड पर्यायच नाही. हा लेख या एका मुद्द्याभोवती आहे.

तीन ते सहा वर्षांच्या मुलाला काळ कसा समजतो, इथून सुरुवात करावी लागते. या वयात ‘काल’ म्हणजे झोपेच्या आधीचे काहीही आणि ‘उद्या’ म्हणजे अजून न मिळालेले काहीही. जाँ पियाजे याने मुलांच्या कालकल्पनेवरचे आपले पुस्तक १९४६ मध्ये प्रसिद्ध केले. आधी, नंतर, जास्त वेळ, कमी वेळ हे संबंध सहा-सात वर्षांपर्यंत मुलाच्या मनात पक्के झालेले नसतात, हे त्याने प्रयोगांतून दाखवले. पुढच्या संशोधकांनी त्याच्या वयोमर्यादा बऱ्याच सैल केल्या, तरी मूळ निरीक्षण टिकून आहे. मग वर्षातून एकदा येणारी तारीख अशा मुलाला काय सांगणार? गेल्या संक्रांतीला ते तीन वर्षांचे होते आणि त्याला ती आठवतही नाही. त्याला समजते ते रोज थोडे-थोडे बदलणारे. आज पेरलेले परवा फुटले, कालपेक्षा आज सकाळी जास्त गारठा होता, गेल्या आठवड्यात हिरवे असलेले बोर आज तांबूस झाले. म्हणजे सण समजण्यासाठी जो काळाचा धागा लागतो, तो एका दिवसाच्या कार्यक्रमात मिळतच नाही. तो मिळण्यासाठी मुलाने वाट पाहिलेली असली पाहिजे, आणि वाट पाहताना त्याच्या हाताला काम असले पाहिजे.

बालशिक्षणाचा इतिहासही हेच सांगतो. फ्रेडरिक फ्रोबेल याने १८३७ मध्ये जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली, तेव्हा मुलांनी वाफ्यात स्वतः रोपे लावणे हा तिथल्या शिक्षणाचा भाग होता. १९०७ मध्ये रोमच्या सान लोरेन्झो वस्तीत मारिया माँटेसरी यांनी बालगृह सुरू केले. लहान मुलाला आधी खरी वस्तू द्या, कल्पनेचे राज्य नंतर, असा त्यांचा आग्रह होता. हे दोन्ही विचार भारतात आले आणि इथल्या मातीत रुजले ते गिजुभाई बधेका यांच्या भावनगरच्या बालमंदिरात, १९२० पासून. तिथेच काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे १९४५ मध्ये बोर्डीला आणि १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे उभे केले, ते तर आपल्या अगदी दारातले आहे. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा झाला. तोपर्यंत कोसबाड आणि बदलापूर एकाच ठाणे जिल्ह्यात होते. माँटेसरींची महागडी साधने वारली पाड्यावर परवडणारी नव्हती, म्हणून ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी पाने, बिया, खडे, शंख-शिंपले, काड्या हीच साधने केली. मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. ही सगळी साधने ऋतूंनुसार बदलणारी होती, कारण पानगळीत मिळते ते पावसाळ्यात मिळत नाही. ऋतू हा तिथे पाठ म्हणून शिकवला जात नसे, वर्गाचे सामानच ऋतू पुरवत असे. ज्या जिल्ह्याने देशाला अंगणवाडीची कल्पना दिली, त्याच जिल्ह्याच्या शहरी टोकाला आज पावसाळा शिकवायला छत्रीच्या छापील चित्रात निळा रंग भरून घेतात, ही गोष्ट खटकण्यासारखी आहे.

सणांच्या कार्यक्रमांवर टीका फक्त आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत लुईस डर्मन-स्पार्क्स यांनी १९८९ मध्ये ‘अँटी-बायस करिक्युलम’ हे पुस्तक लिहिले आणि सणवारांच्या अशा शिकवण्याला पर्यटकी अभ्यासक्रम म्हटले. एका दिवसात एखाद्या समाजाचा पोशाख, पदार्थ आणि एक हस्तकला दाखवायची आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुढे न्यायची, यातून मुलाच्या मनात त्या समाजाचे एक सणासुदीचे चित्र तेवढे उरते. ती माणसे रोज कशी जगतात हे कळत नाही. हे निदान आपल्या बालवाड्यांना तंतोतंत लागू पडते, पण त्यावरचा एक प्रचलित उपाय मला पटत नाही. काही शाळा म्हणतात, मग सण नकोतच. त्याऐवजी ‘यलो डे’, ‘रेड डे’, ‘फ्रूट डे’ करू. असे केल्याने पर्यटन बंद होत नाही, फक्त पाहायला काही उरत नाही. पिवळा शर्ट घालून आलेल्या मुलाला पिवळ्याबद्दल जे कळते, ते त्याला कढीकडे पाहूनही कळले असते. सणाच्या पोटात निदान काहीतरी आहे: शेत, हवामान, खाणे, माणसांचे एकत्र येणे. ते बाहेर काढण्याची पद्धत चुकते म्हणून सणच काढून टाकणे हा तोडगा नव्हे.

आता या तीन शहरांकडे वळू. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांचे गाव. कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या बराकींत त्यांना वसवले गेले आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या शहराची कोनशिला बसली. कॅम्प एक ते पाच हे पत्ते त्या छावणीचेच. अंबरनाथला इ. स. १०६० चे शिलाहारकालीन शिवमंदिर आहे आणि त्याच गावात काड्यापेटीच्या आणि दारूगोळ्याच्या कारखान्यांपासून ते औद्योगिक वसाहतीपर्यंत सगळे आल्यामुळे देशभरातली कुटुंबे राहायला आली. बदलापूर उल्हास नदीकाठी; एका बाजूला लोकलने मुंबईला जाणारी नोकरदार वस्ती, दुसऱ्या बाजूला बारवीच्या जंगलालगतचे आदिवासी पाडे. तिन्ही गावांत आंबेडकरी वस्ती मोठी, आगरी कुटुंबे जुनी, उत्तर भारतीय आणि दक्षिण भारतीय भरपूर. अशा वर्गात ‘आपला सण’ असे बाईंनी म्हटले की वर्गातली काही मुले नकळत बाहेर राहतात. पण सणाच्या तारखेऐवजी त्यामागच्या हवेकडे पाहिले तर चित्र पालटते. १३ जानेवारीला मराठी घरात भोगीची मिश्र भाजी आणि तीळ लावलेली बाजरीची भाकरी असते, त्याच रात्री सिंधी घरासमोर लाल लोईची शेकोटी पेटते, पंजाबी घरी लोहडी असते, तमिळ घरातही त्याच सुमारास भोगी आणि दुसऱ्या दिवशी पोंगल. सिंधी कुटुंबे संक्रांतीला तिरमूरी म्हणतात आणि लेकीच्या घरी तिळाचे लाडू पाठवतात. नावे निराळी, देव निराळे, पण थंडी एकच, नवे धान्य एकच आणि तीळही तोच.

पावसाळ्यात हे आणखी स्पष्ट दिसते, आणि शाळांच्या ते लक्षातच येत नाही. आषाढी एकादशीला सगळीकडे दिंड्या निघतात. तिच्यानंतर चारच दिवसांनी आषाढ पौर्णिमा येते आणि बौद्ध घरांत वर्षावास सुरू होतो. पावसात वाटा बंद होतात, पायाखाली कोवळी रोपे आणि जीवजंतू येतात, म्हणून भिक्षूंनी एके ठिकाणी थांबावे ही त्यामागची जुनी व्यवस्था. एकीकडे पेरण्या आटोपून पावसात चालत निघणारा वारकरी आणि दुसरीकडे त्याच पावसात थांबणारा भिक्षू! चार दिवसांच्या अंतरावरच्या या दोन गोष्टी मोठ्या शिशूच्या वर्गाला एकत्र सांगता येतात, आणि त्यांतून पाऊस म्हणजे काय हे जितके उलगडते तितके कागदी होडीतून उलगडत नाही. त्याच पावसाळ्यात, जुलैच्या मध्यापासून चाळीस दिवस सिंधी समाजाचा चालिहो असतो, झुलेलाल या जलदेवतेचा. उल्हासनगरात तो किती मोठ्या प्रमाणावर होतो हे तिथल्या कुठल्याही रिक्षावाल्याला माहीत आहे. श्रावण पौर्णिमेला कोळी समाज समुद्राला नारळ देतो. दोन्हींच्या मुळाशी उधाणलेल्या पाण्याचे भय आणि त्या पाण्यावरचा भरवसा आहे. बदलापूरच्या मुलाला हे पाठ्यपुस्तकातून सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ च्या पुराची आठवण त्याच्या आजी-आजोबांना आहे, आणि जुलै २०१९ मध्ये बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली ती त्याच्या आईवडिलांनी पाहिली आहे.

पंधरवडा म्हणजे नेमके काय करायचे, हे संक्रांतीवरून पाहू. महाराष्ट्रात संक्रांत सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत नाही, म्हणून बहुतेक वेळा त्या दिवशी शाळा चालू असते. दिवाळीला ही सोय नाही. नाताळची सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या दिवशी वाटीभर न निवडलेले तीळ चार-चार मुलांच्या गटाला एका ताटात द्यावेत. पांढरे आणि काळे वेगळे करायचे, खडा आणि काडी बाजूला काढायची. हे काम तीन वर्षांच्या मुलाला जेमतेम जमते आणि पाच वर्षांच्या मुलाला त्याचे वेड लागते. अंगठा आणि तर्जनी यांची जी चिमूट इथे घडते, तीच पुढे पेन्सिल धरते. दुसऱ्या दिवशी ओला हरभरा, पावटा, मटार सोलायला आणावेत. भोगीची भाजी म्हणजे त्या दिवसांत बाजारात येणाऱ्या सगळ्याची मोजदाद असते: गाजर, वांगी, वालाच्या शेंगा, बोरे, उसाचे करवे. स्टेशनबाहेरच्या भाजीवालीकडून प्रत्येक घरातून एकच वस्तू आणायला सांगितली तर वर्गात आठवडाबाजार भरतो. तीळ भाजण्याचे काम बाईंनी शेगडी लांब ठेवून करावे, मुलांनी फक्त ऐकावे आणि वास घ्यावा. तीळ तडतडायला लागला की सांगा, एवढेच त्यांचे काम. पाकाचे लाडू बालवाडीत करू नयेत, चटका बसतो. भाजलेला तीळ आणि दाण्याचे कूट मऊ गुळात खलबत्त्यात कुटले की पाकाशिवाय लाडू वळता येतो. कुटताना दोन मुलांना आळीपाळीने थांबावे लागते, आणि आपली पाळी येईपर्यंत थांबणे हे या वयातले फार मोठे शिक्षण आहे. ज्यांच्या घरी तीळ किंवा दाणे चालत नाहीत, ॲलर्जी आहे, त्यांची चौकशी आधी करून ठेवावी.

काळ्या कपड्यांचे कोडे तर मुले स्वतःच सोडवतात. एक काळा आणि एक पांढरा रुमाल सकाळी उन्हात टाकून अर्ध्या तासाने दोन्हींवर हात ठेवायला सांगितला की आजी काळी साडी का नेसते याचे उत्तर तळहाताला मिळते. हलव्याचे दागिने घालून फोटो काढण्यापेक्षा काटेरी हलवा कसा तयार होतो ते निदान एकदा पाहायला मिळावे. मंद आचेवरच्या परातीत तीळ किंवा खसखस, त्यावर चमचा-चमचा साखरेचा पाक, सतत फिरणारी बोटे आणि अनेक दिवसांची चिकाटी. काटा चांगला यायला गारवा लागतो. परिसरात असे काम करणाऱ्या बायका असतात. त्यांपैकी एकीला तासभर वर्गात बोलावणे हे भाड्याने आणलेल्या दागिन्यांपेक्षा स्वस्त पडते आणि तिलाही मान मिळतो. उन्हाचे काम अंगणात काठी रोवून करावे. मीटरभर काठीची माध्यान्हीची सावली बदलापूरच्या अक्षांशावर २२ डिसेंबरला सुमारे ९२ सेंटिमीटर असते, संक्रांतीला ८५ च्या आसपास येते आणि मार्चअखेर तिशीच्या आत जाते. मेच्या मध्यावर एका दिवशी ती नाहीशीच होते. सावलीच्या टोकाला दर सोमवारी एक खडा ठेवला की मार्चपर्यंत खड्यांची रांग तयार होते. शाळा अकराला सुटत असेल तर त्या वेळची सावली जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात जवळपास हलत नाही, फरक दिसायला महिना संपत येतो, हे बाईंनी लक्षात ठेवावे आणि निराश होऊ नये. खगोलदृष्ट्या उत्तरायण २१-२२ डिसेंबरलाच सुरू होते आणि निरयन पंचांगातली संक्रांत त्यापासून सुमारे ७२ वर्षांना एक दिवस या गतीने दूर सरकत आली आहे, हेही बाईंना माहीत असावे. मुलांना ते सांगण्याची गरज नाही. बोरन्हाण या सगळ्यानंतर, शेवटी. तेही बोरांच्या बिया, अख्खे दाणे आणि गोळ्या चार वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात हे ध्यानात ठेवून, चुरमुऱ्यांचे. पतंग या वयात उडवता येत नाही, भिरभिरे येते. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच बंदी घातली आहे, तरी तो गल्लीत दिसतो. दिसला तर हात लावायचा नाही, हा धडा मात्र अगदी छोट्या शिशूपासून द्यायला हवा.

वर्षातल्या बाकीच्या सणांवर इतके थांबण्याची गरज नाही, पण काही जागा सांगायलाच हव्यात. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा बदलापूरचे जांभूळ संपत आलेले असते. त्याला भौगोलिक मानांकन मिळाले आहे, आणि बालवाडीचा पहिला आठवडा त्याने जांभळा करता येतो. त्याच दिवसांत पाड्यांवरच्या बायका स्टेशनजवळ शेवळं, कुर्डू, टाकळा, भारंगी, कंटोळी घेऊन बसतात. (शेवळं मुलांच्या हाती देऊ नये. ती खाजरी असतात आणि म्हणूनच त्यांच्या भाजीत काकडं घालतात.) नवरात्रातल्या घटात धान्य पेरायची पद्धत हा तर तयार प्रयोगच आहे. घट देव्हाऱ्यात राहू द्यावा. वर्गात मातीच्या पणतीत मूठभर गहू पेरून रोज काडेपेटीच्या काडीने उंची मोजली की नऊ दिवसांचा हिशेब मूल स्वतः सांगते. दिवाळीच्या किल्ल्यावरचे अळीव तीन-चार दिवसांत उगवते. सुट्टी लागण्यापूर्वी शाळेच्या कोपऱ्यात असा किल्ला व्हायला हरकत नाही, फक्त तो मुलांनी केलेला असावा, म्हणजे वाकडा असावा. महाशिवरात्रीला अंबरनाथला जत्रा भरते. त्या गर्दीत लहान मुले नेऊ नयेत, पण बेलाचे त्रिदल मोजत तीनचा पाढा वर्गात खेळता येतो आणि देवळाच्या भिंतींवरचे दगडी कोरीव काम आधीच्या एखाद्या शांत सकाळी पालकांसोबत पाहता येते. बाजूने वाहणाऱ्या वालधुनी नदीची अवस्था मुलांना दिसेलच. ती झाकून ठेवायचे कारण नाही.

यावर पहिला आक्षेप धर्माचा घेतला जातो आणि तो गंभीर आहे. संविधानाच्या कलम २८ नुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थेत पालकाच्या संमतीशिवाय मुलाला त्यात सहभागी करता येत नाही. या कलमाचा आत्मा बालवाडीने पाळायचा तर पूजा घरी आणि ऋतू वर्गात ही वाटणी सरळ आहे. आरती, नैवेद्य, कुंकू हे बाईंचे काम नाही. पण ऋतूचा धागा धरला की एक खरी अडचण येते ती ईदची. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यामुळे ईद दरवर्षी मागे सरकते आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येते. तिला थंडी-पावसात बसवता येत नाही, आणि ऋतू हा एकच निकष ठेवला तर वर्गातली मुस्लिम मुले पुन्हा बाहेरच राहतील. म्हणून ऋतूसोबत आकाशही घ्यावे लागते. चंद्र रोज संध्याकाळी गच्चीवरून पाहून त्याचा आकार दुसऱ्या दिवशी वर्गात काढायचा, हा पंधरवडा ईदचाही आहे, चेटीचंडचाही, कोजागरीचाही आणि बुद्धपौर्णिमेचाही. गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी, चैत्र शुद्ध द्वितीयेच्या सुमारास दिसणारी कोर हीच चेटीचंडची. आंबेडकर जयंती ऋतूची नाही, माणसाची आहे. तिला या साच्यात कोंबू नये. ती जयंती म्हणूनच, पुस्तकांच्या दिवसासारखी साजरी व्हावी.

दुसरा आक्षेप पालकांचा: हजारोंनी फी भरून मुलाने तीळ निवडायचे का, त्याला लिहायला कधी येणार? हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही, कारण पहिलीच्या वर्गात लिहिता न येणाऱ्या मुलाला काय ऐकावे लागते हे पालकांना ठाऊक असते. पण २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तीन ते आठ वर्षांचा टप्पा एकच पायाभूत टप्पा मानते, २०२२ चा पायाभूत स्तरावरचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा खेळातून आणि परिसरातून शिकण्यावर भर देतो, आणि पहिलीसाठी सहा वर्षे पूर्ण हवीत असे ठरले आहे. कागदावर शासन, फ्रोबेल आणि ताराबाई एका बाजूला आहेत. दुसऱ्या बाजूला आहे तो चार रेघी वहीचा बाजार. तीळ निवडताना वर्गीकरण होते, काडीने गहू मोजताना मापन होते, चार घरच्या चार लाडवांची नावे सांगताना भाषा होते, आणि ती मराठी, सिंधी, हिंदी, तमिळ अशी खरी असते. हे पालकांना फोटोतून कळत नाही, म्हणून पालकसभेत मुलाने केलेले काम समोर मांडावे. आईने रात्री जागून केलेले क्राफ्ट मुलाच्या नावाने भिंतीवर लावण्याचा प्रकार मात्र एकदाचा थांबावा. त्यात मूल खोटे शिकते आणि आई दमते.

तिसरा आक्षेप मुलांच्या सुरक्षिततेचा. तो बदलापुरात कुणी घेतला तर त्याला उलट उत्तर देण्याचा अधिकार कुणाला नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बालवाडीतल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, २० ऑगस्टला लोक रुळांवर उतरले, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. बालवाडीतल्या मुलांभोवती कोण मोठी माणसे वावरतात याकडे व्यवस्थेचे लक्ष किती कमी होते, हे त्या वेळी सगळ्यांनी पाहिले. अशा गावात मुलांना बाहेर न्या, बाहेरच्या बायकांना वर्गात बोलवा, असे सांगायचे तर अटी स्पष्ट हव्यात. येणाऱ्या प्रत्येक व्यक्तीची नोंद, वर्गात कायम दोन ओळखीच्या स्त्रिया, आणि पालकांना येण्याची मोकळी मुभा. इथे पंधरवड्याची पद्धत एका दिवसाच्या कार्यक्रमापेक्षा उजवी ठरते. कार्यक्रमाच्या दिवशी गोंधळ असतो, भाड्याचा पोशाख बदलायला मुलांना कुणीही कुठेही नेते, अनोळखी छायाचित्रकार फिरतो. रोजच्या संथ कामात वर्ग उघडा असतो आणि दोन-तीन पालक आळीपाळीने बसलेले असतात. पोशाख बदलण्याचे प्रसंग जितके कमी तितके बरे, एवढे तरी त्या वर्षानंतर कुठल्याही शाळेला पटायला हरकत नसावी.

उरला प्रश्न बाईंचा आणि ताईंचा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेने अंगणवाडीवर पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशी सहा कामे सोपवली. त्यातले शिक्षण नेहमी शेवटी राहते, कारण वजनाची नोंद मोबाइलवर वेळेत चढली नाही तर विचारणा होते आणि गाणे झाले नाही तर कुणी विचारत नाही. खासगी बालवाडीतल्या बाईंचा पगार तुटपुंजा, वर्ग भरलेला. तरीही साधनसामग्रीत अंगणवाडी मागे नाही. तीळ, पाने, काठी, पणती, माती तिला परवडतात, आणि तिची ताई बहुधा त्याच वस्तीतली असल्यामुळे कुठल्या घरी काय रांधतात हे तिला खासगी शाळेतल्या टीचरपेक्षा चांगले ठाऊक असते. शिक्षण हक्क कायदा सहा वर्षांपासून सुरू होतो. त्याआधीच्या वयासाठी त्याच्या कलम ११ ने शासनाला फक्त व्यवस्था ‘करता येईल’ अशी मोकळीक ठेवली आहे. ती मोकळीक बंधनात बदलेल तेव्हा बदलेल, तोवर हे काम बाई, ताई आणि पालक यांच्याच अंगावर आहे.

म्हणून तिन्ही गावांतल्या बालवाड्यांना एक विनंती. येत्या जूनमध्ये वार्षिक नियोजनाचा तक्ता भरताना रंगांचे दिवस आणि वेशभूषेचे दिवस यांतले निम्मे काढून टाका, आणि संक्रांत, श्रावण, नवरात्र व चंद्रकोरीचा एक पंधरवडा यांच्या आधीचे शाळेचे दहा-दहा दिवस त्या कामासाठी राखून ठेवा. पालकांनी पहिल्याच सभेत विचारावे की वर्षभरात मुलाला भाड्याचा पोशाख किती वेळा आणावा लागणार आहे; उत्तर दोनपेक्षा जास्त आले तर कारणही विचारावे.